झाड आणि पीक एकत्र मोजायचं कसं, आणि ‘कळलं’ असं म्हणायचं केव्हा

वनशेतीत, म्हणजे एकाच जमिनीत झाडं आणि पिकं एकत्र घेण्यात, नव्याने पडणारा जो कोणी भेटतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अमुक झाड पिकात चालतं का? विचारणारा शेतकरी असो, विद्यार्थी असो, नाहीतर एखाद्या प्रकल्पाचा कार्यकर्ता, प्रश्न बदलत नाही. मी सरळ उत्तर देत नाही. उलट विचारते: पीक कोणतं, माती किती खोल, झाड कितव्या वर्षाचं, खोडापासून किती अंतरावर, छाटणी कोण आणि केव्हा करणार, आणि शेवटी लाकूड कोणाच्या घरी जाणार? लोक वैतागतात. पण यातलं एक जरी गाळलं तरी मिळालेलं उत्तर शेजारच्या शेतातसुद्धा लागू पडत नाही.

माझं काम मोजण्याचं. चाचण्या आखायच्या, नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवायचं, आणि आलेल्या आकड्यांवरून किती बोलता येतं, किती नाही, ते सांगायचं. त्या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. वनशेतीचं ज्ञान कमी पडतं ते झाडांबद्दल अभ्यास थोडा झाला म्हणून नव्हे; वर्षभरात संपणाऱ्या, वाफ्यात मावणाऱ्या पिकांसाठी घडवलेली शिकण्याची रीत आपण झाडांवर तशीच चढवली म्हणून. तेव्हा आधी रीत दुरुस्त करायची. ती कशी, ते लिहिते.

रीत कुठून आली ते ओळखा

इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली दाखल झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी शेतीच्या चाचण्यांची घडी बसवली. जमिनीचे छोटे तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्याला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, प्रत्येक प्रकार अनेकदा लावायचा, आणि शेवटी फरक योगायोगाचा आहे की खरा ते गणिताने तपासायचं. या रीतीने जगभरच्या शेतीचं भलं केलं आहे, तिच्यावर माझा रोष नाही. पण तिच्यात दोन गोष्टी गृहीत असतात. एक, तुकडा त्याच्या कडेला संपतो. दोन, हंगाम संपला की प्रयोग संपतो.

झाड यातलं काहीच पाळत नाही. त्याची मुळं आखलेल्या दोरीखालून पलीकडे जातात, सावली दिवसभर फिरते, पालापाचोळा वाऱ्याबरोबर शेजारी जातो, आणि आज लावलेल्या रोपाचा खरा परिणाम दहाव्या वर्षी दिसतो.

याचा सगळ्यात मोठा धडा ‘ॲली क्रॉपिंग’ने दिला. नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत आकाराला आली. सुबाभूळ, गिरिपुष्प अशा द्विदल झाडांच्या कुंपणासारख्या ओळी काही मीटर अंतरावर लावायच्या, मधल्या पट्ट्यात मका घ्यायचा, ओळी वारंवार छाटायच्या आणि तो पाला खत म्हणून मातीत घालायचा. केंद्रावरचे आकडे उत्तम आले आणि पद्धत अनेक देशांत पोचवली गेली. शेतकऱ्यांनी मात्र ती फारशी उचलली नाही. कोरड्या मुलखात झाडं पिकाचं पाणी ओढत होती. छाटणीचं काम नेमकं खुरपणीच्या धांदलीत येत होतं आणि हात तेवढेच होते. त्यातच अनेक चाचण्यांच्या आखणीत एक खोट निघाली: प्रयोगाचे तुकडे लहान, त्यामुळे झाडांची मुळं शेजारच्या बिनझाडाच्या तुकड्यात शिरून तिथलं अन्न आणि पाणी घेत होती. ज्याच्याशी तुलना करायची तो तुकडाच दुबळा झाला आणि झाडांचा तुकडा आहे त्याहून चांगला दिसू लागला.

म्हणून कोणताही वनशेतीचा आकडा हातात आला की माझं बोट आधी एकाच ठिकाणी जातं: बिनझाडाचा तुकडा कुठे होता? सगळ्यात जवळच्या झाडापासून किती दूर? अहवालात हे लिहिलेलं नसेल तर पुढचे तक्ते मी सावकाश, संशय ठेवून वाचते.

स्वतः आखताना तुलनेचा तुकडा झाडांपासून लांब ठेवा. किती लांब, ते झाडाच्या पूर्ण वाढीच्या उंचीवर ठरवा, लावतानाच्या उंचीवर नको. निदान दीडदोन उंची इतकं अंतर सोडा, आणि कोरड्या, उथळ जमिनीत त्याहून जास्त, कारण तिथे मुळं आडवी धावतात. जागा नसेल तर मध्ये चर खणा आणि दर हंगामाआधी तो उकरून पुन्हा मोकळा करा. एकदा खणून सोडलेला चर मुळं भरून काढतात.

नवीन लावण्याआधी उभ्या झाडाकडे जा

प्रकल्प सुरू झाला की पहिली धाव रोपवाटिकेकडे असते. मी ती थांबवते. परिसरात शेतात उभी असलेली जुनी झाडं म्हणजे कुणीतरी आधीच करून ठेवलेला, दहा-वीस वर्षं चाललेला प्रयोग. तो वाचायला एक दोरी, फुटपट्टी, चार खुंट्या आणि वही पुरते.

दोरीला दर मीटरवर गाठ मारा. झाडाची उंची काढा. काठी आणि सावलीच्या प्रमाणाने काढली तरी चालते. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा, त्याला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. आता खोडापासून दोरी ताणा आणि झाडाच्या उंचीच्या पाव, अर्धी, एक, दीड, दोन आणि तीन पट अंतरावर खुंट्या ठोका. अंतर मीटरमध्ये न धरता उंचीच्या पटीत धरायचं कारण असं की त्यामुळे आठ मीटरचं झाड आणि पंधरा मीटरचं झाड एकाच कागदावर मांडता येतं. प्रत्येक खुंटीपाशी एक चौरस मीटर पीक मोजा: रोपांची संख्या, उंची, कणसं किंवा शेंगा, आणि कापणीला वजन. एका दिशेने भागत नाही. सावली जिकडे जास्त वेळ पडते ती बाजू आणि तिच्या समोरची बाजू, दोन्ही घ्या. जमीन उताराची असेल तर वरची आणि खालची बाजूही घ्या, कारण पाला आणि माती खालीच जाते.

फक्त कापणीला जाऊ नका. पावसाने ताण दिला असेल त्या आठवड्यात, दुपारी, शेतात उभे राहा. कोणत्या खुंटीपासून पानं मिटायला लागली आहेत ते तेव्हाच दिसतं. कापणीच्या वजनात ही गोष्ट मिसळून जाते आणि कारण हाती लागत नाही.

अशी पाच-सहा झाडं मोजली की एक वक्र रेषा उमटते. खोडाशी घट, मग काही झाडांच्या बाबतीत पालवीच्या कडेला वाढ, आणि लांबवर सपाट. ही सपाट जागा जिथे सुरू होते तिथपर्यंत त्या झाडाची त्या जमिनीतली सत्ता. रोपं किती अंतराने लावायची याचा अंदाज इथेच मिळतो, आणि तोही रोप न लावता. (अंतरांची बारीक तुलना करायची असेल तर जॉन नेल्डर यांनी १९६२ साली सुचवलेली पंख्यासारखी आखणी आहे: केंद्रापासून फुटणाऱ्या रेषांवर झाडं, बाहेर जावं तसं अंतर वाढत जातं. थोड्या जागेत अनेक अंतरं बसतात. मात्र एक झाड मेलं की त्याच्या शेजाऱ्यांचे आकडेही बाद होतात, म्हणून जिथे मर जास्त तिथे मी ती वापरत नाही.)

आता एक सापळा. झाडाखालची माती सुपीक निघाली की ‘झाडाने माती सुधारली’ असं लिहायचा मोह होतो. पश्चिम आफ्रिकेतलं फेडर्बिया अल्बिडा हे झाड यासाठी प्रसिद्ध आहे. ते पावसाळ्यात पानं टाकतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं, त्यामुळे पिकाच्या काळात त्याच्या सावलीची तक्रार नसते, आणि त्याच्याखालचं धान्य बाहेरच्यापेक्षा जोमदार दिसतं. तरीही संशोधकांत वाद झालाच: झाडामुळे माती चांगली झाली, की मुळात चांगल्या मातीच्या ठिकाणीच रोपटं तगलं आणि झाड झालं? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तपासायची सोपी रीत अशी: मोठ्या झाडाखालची माती घ्या, उघड्यावरची घ्या, आणि त्याच जातीच्या दोनतीन वर्षांच्या पोरसवदा रोपांखालचीही घ्या. एवढ्याशा रोपाला माती बदलायला वेळच मिळालेला नसतो. त्याच्याखालीही फरक दिसला, तर तो फरक झाडाच्या आधीचा आहे.

सावली की मुळं?

पीक कमी आलं की सगळे वर बघतात आणि फांद्यांना दोष देतात. दोष पुष्कळदा जमिनीखाली असतो. हैदराबादजवळ पटनचेरू इथे इक्रिसॅट या संस्थेत १९८० च्या दशकात सुबाभळीच्या ओळी आणि पीक यांच्यामध्ये मुळं अडवणारा पडदा गाडून पाहिला गेला. घट मुख्यतः मुळांच्या ओढाताणीतून येत होती, सावलीचा वाटा त्या मानाने थोडा होता. त्या कोरडवाहू जमिनीत कितीही छाटणी केली असती तरी रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे अशी गत झाली असती.

हे आपल्याला घरच्या अवजारांवर करता येतं. एकसारखी वाटणारी झाडं निवडा आणि त्यांचे चार गट करा. पहिल्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या खालच्या फांद्या छाटायच्या. तिसऱ्याच्या पिकाकडच्या बाजूला पन्नास-साठ सेंटिमीटर खोल चर खणून मुळं तोडायची. चौथ्याचं दोन्ही करायचं. कोणतं झाड कोणत्या गटात ते चिठ्ठी टाकून ठरवा. हाताने निवडलं की आपण नकळत बरी झाडं आपल्या आवडत्या गटात ढकलतो. प्रत्येक गटात निदान चार झाडं हवीत. चर खोडाच्या अगदी जवळ नको, नाहीतर पहिल्या वादळात झाड आडवं होईल. आणि झाडाच्या एकाच बाजूला खणा.

छाटलेल्या गटात पीक सुधारलं तर सावलीचा प्रश्न होता. चर खणलेल्या गटात सुधारलं तर पाणी-अन्नाचा. दोन्ही केल्यावरच सुधारलं तर दोघं मिळून दाबत होते. कशानेच काही झालं नाही तर झाडाला मोकळं सोडा आणि बियाणं, पेरणीची वेळ, माती यांच्याकडे बघा. एका हंगामावर मात्र निकाल देऊ नका. भरपूर पावसाच्या वर्षी मुळांची भांडणं दिसत नाहीत.

याच्यामागचा विचार कॅनेल, व्हॅन नूरद्वाइक आणि ओंग या संशोधकांनी १९९६ साली नेमका मांडला: पिकाला एरवी मिळालंच नसतं असं पाणी, ऊन किंवा अन्न झाड घेत असेल तरच दोघं एकत्र लावण्यात फायदा आहे. पिकाच्या मुळांखालचं पाणी, पीक नसतानाचं ऊन, खाली झिरपून गेलेलं नत्र. मी नवीन आराखडा पाहताना एवढंच विचारते: हे झाड असं काय घेणार आहे, जे पीक घेऊ शकत नव्हतं? उत्तर देता आलं नाही तर आराखडा परत घरी जातो.

ऐकायचं, पण कारण विचारत

‘स्थानिक ज्ञान’ या नावाखाली जे जमा केलं जातं त्यातलं बरंचसं म्हणजे उपयोगांची यादी. हे झाड सरपणाला, ते चाऱ्याला, तिसरं औषधाला. यादी वाईट नाही, पण ज्ञान कारणांत असतं.

याचा मला सगळ्यात भावलेला दाखला पूर्व नेपाळच्या डोंगरातला आहे. १९९० च्या दशकात तिथे वेल्समधल्या बँगर विद्यापीठाच्या साथीने शेतकऱ्यांचं झाडांविषयीचं ज्ञान वाक्यावाक्याने नोंदवलं गेलं: अमुकमुळे तमुक होतं, अशा साखळ्यांमध्ये. शेतकरी सांगत होते की पानांवरून गळणारं पाणी, त्यांच्या भाषेत ‘तपकन’, माती उकरतं आणि पीक दाबतं, आणि ते पानाच्या आकारावर अवलंबून असतं. मोठ्या पानाचं झाड बांधावर नको. झाडांचं छत पावसाचा मारा झेलून माती वाचवतं, हे पुस्तकी मत याच्या उलट जाणारं. पण पानांवर पाणी साठून गळणारे थेंब पावसाच्या बहुतेक थेंबांपेक्षा मोठे असतात आणि उंचावरून पडले तर जोरात आदळतात, हे मोजमापातही आढळतं. जमिनीवर पाला किंवा खुरटी झुडपं असतील तर मारा बसत नाही. पेरलेल्या उघड्या वाफ्यात बसतो. शेतकरी वाफ्याबद्दल बोलत होते, पुस्तक जंगलाबद्दल.

तेव्हा बोलायला बसाल तेव्हा ‘हे झाड कशाला लावता?’ एवढ्यावर थांबू नका. ‘इथे का लावलं, तिथे का नाही?’ असं विचारा. जागेच्या निवडीत सगळं शहाणपण दडलेलं असतं. ‘याच्याखाली काय पेरत नाही?’ ‘याची फांदी कोणत्या महिन्यात तोडत नाही, आणि तोडली तर काय होतं?’ मिळालेलं उत्तर एकाच वाक्यात, कारण आणि परिणाम असं लिहा. शेवटी ते वाक्य सांगणाऱ्याला वाचून दाखवा. ‘असं नाही हो, ते फक्त काळ्या जमिनीत,’ अशी दुरुस्ती येते, आणि ती दुरुस्ती मूळ वाक्यापेक्षा मोलाची असते.

बसून बोलू नका, चालत बोला. शेताच्या बांधावरून जाताना झाड स्वतःच विषय काढतं. आणि घरातल्या एकाच माणसाला विचारून परतू नका. लावणारा वेगळा, पाला तोडून जनावरांना घालणारी वेगळी, फळं वेचणारी वेगळी असते. पश्चिम आफ्रिकेत शिया झाडाची फळं बायका वेचतात आणि त्याचं लोणीही त्याच काढतात, पण जमीन आणि तिच्यावरच्या झाडाचं काय करायचं ते बहुधा पुरुष ठरवतात. अशा ठिकाणी फक्त घरधन्याला विचारलं तर झाडाच्या अर्ध्या कामाची नोंदच होत नाही.

शेतकरी म्हणतो म्हणून सगळं खरं, असं मी मानत नाही. मुळांबद्दल, मातीतल्या सूक्ष्मजीवांबद्दल, डोळ्याला न दिसणाऱ्या किडीच्या अवस्थांबद्दल लोकांचं सांगणं अनेकदा तुटक असतं, कारण तिथे बघायची सोय नसते. जे दिसतं, वारंवार दिसतं आणि ज्यावर पोट अवलंबून असतं, तिथे त्यांचं निरीक्षण आपल्यापेक्षा धारदार निघतं. दोन्ही बाजूंना ही कसोटी लावा. संशोधकालाही.

उपटलेली झाडं शोधा

माझ्या मते हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा.

प्रकल्प तीन वर्षांचा, झाड पंधरा वर्षांचं. यावर नेहमीचा तोडगा असा की वेगवेगळ्या वयाच्या बागा निवडायच्या, दोन, पाच, दहा, पंधरा वर्षांच्या, आणि त्यांना एका रांगेत ठेवून काळाची गोष्ट सांगायची. मीही हे करते, दुसरा इलाज नसतो. पण पंधराव्या वर्षी उभी असलेली बाग म्हणजे ज्यांना ती परवडली, मानवली, ज्यांची जमीन खोल होती, ज्यांच्या घरी छाटणीला हात होते, त्यांची बाग. बाकीच्यांनी केव्हाच झाडं काढून टाकली आणि तिथे आता नुसतं पीक आहे. त्या शेतात तुम्ही जातच नाही. मग आलेख वर जातो, आणि तो वर जातो तो झाडामुळे की गाळून उरलेल्यांमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. रोपं वाटल्याची जुनी यादी मिळवा. यादीतल्या सगळ्यांकडे जा, बाग असो वा नसो. ज्यांनी काढली त्यांना विचारा: कितव्या वर्षी, कोणत्या महिन्यात, काय झाल्यावर. ‘कोणत्या महिन्यात’ हा प्रश्न सोडू नका. पेरणीच्या तोंडावर काढली असेल तर कारण पीक होतं. पैशाची निकड असलेल्या दिवसांत काढली असेल तर लाकूड विकलं गेलं, म्हणजे झाडाने आपलं काम केलं. ते अपयशात मोजू नका. जनावरं चरून गेली असतील तर प्रश्न कुंपणाचा.

उलट चूकही होते. एकदाच पाहिलेल्या चित्राला दिशा चिकटवायची. गिनी देशात किसिदुगू परिसरात गवताळ माळावर गावांभोवती जंगलाची बेटं आहेत. कित्येक दशकं अधिकारी आणि तज्ज्ञ ती एकेकाळच्या महाअरण्याचे अवशेष मानत आले आणि गावकऱ्यांना जंगलतोडीचा दोष देत आले. जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच यांनी १९९० च्या दशकात १९५२ ची हवाई छायाचित्रं पुढच्या उपग्रहचित्रांशी ताडली आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकल्या. बेटं आक्रसत नव्हती; माळावर गाव वसल्यावर लोकांनीच ती वाढवलेली होती. तेव्हा जुनं छायाचित्र, जुना नकाशा आणि म्हातारी माणसं, ही तिन्ही शोधल्याशिवाय ‘इथे झाडं कमी होत चालली आहेत’ किंवा ‘वाढत आहेत’ असं वाक्य लिहू नका.

प्रयोग कोणाचा

चाचण्यांचे तीन प्रकार मानतात. आखणी आणि निगा दोन्ही संशोधकाची. आखणी संशोधकाची आणि निगा शेतकऱ्याची. आणि दोन्ही शेतकऱ्याचं. पहिल्यात झाडाचा स्वभाव कळतो. दुसऱ्यात खऱ्या शेतात किती मिळतं आणि किती मजुरी जाते ते कळतं. तिसऱ्यात कळतं की लोकांना ते मुळात हवं आहे का, आणि हवं असेल तर कोणत्या रूपात. तिघांना एकाच मापाने मोजायला गेलात तर तिसरा नेहमी गबाळा ठरतो, कारण तिथे दोन शेतं सारखी नसतात. पण तिथे तेच बघायचं असतं.

पूर्व झांबियात शेवरीच्या झाडांनी जमीन दोनेक वर्षं पडीक ठेवून मग मका घ्यायची पद्धत पसरली, तेव्हा शेतकऱ्यांनी तिच्यात बदल केले. पिशवीतल्या रोपांऐवजी वाफ्यातून उपटलेली उघड्या मुळांची रोपं लावली, कारण पिशव्या वाहून नेणं जड जात होतं. पहिल्या वर्षी जमीन अडकू नये म्हणून शेवरी मक्यातच लावली. संशोधकांनी हे शिस्तभंग म्हणून खोडलं नाही, तपासलं, आणि पुढे शिफारशींत घेतलं. तेव्हा तुमच्या वहीत ‘ठरल्याप्रमाणे केलं का?’ असा हो-नाहीचा रकाना असेल तर तो खोडा आणि त्या जागी ‘काय बदललं, का?’ असं लिहा.

कधी कधी ज्ञान पायाखाली असतं. ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाडो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नायजर देशातल्या मराडी भागात रोपं लावत होते आणि ती मरत होती. वाळूत गाडी चालावी म्हणून चाकांतली हवा कमी करायला ते थांबले, तेव्हा आजवर नुसती खुरटी झुडपं वाटलेली गोष्ट तोडलेल्या झाडांच्या खुंटांचे धुमारे आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. मुळं जिवंत होती. दोनचार धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढंच काम. आज नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी राखलेली झाडं आहेत. त्यात एक बाजू जीवशास्त्राची आणि दुसरी हक्काची: कायद्याने झाड सरकारचं होतं तोवर रोप राखण्यात शेतकऱ्याचा फायदा नव्हता, ती पकड सैल झाली, झाडं आपली वाटू लागली, तेव्हा राखणी पसरली. झाडाचा मालक कोण, तोडायला परवानगी लागते का, कुळाने लावलेलं झाड कुळाचं राहतं का, हे प्रश्न मी माती-परीक्षणाच्या तक्त्याच्या वरच्या ओळीत लिहायला लावते.

आकडे मांडताना

एकत्र शेतीचा हिशेब ‘जमीन समतुल्य गुणोत्तरा’ने करतात. एकट्या पिकाचं उत्पादन १० पोती, झाडांसोबत ७, म्हणजे ०.७. एकट्या झाडांचं लाकूड २० टन, पिकासोबत ११, म्हणजे ०.५५. बेरीज १.२५: हेच दोन्ही वेगवेगळं पिकवायला सव्वापट जमीन लागली असती. गणित सोपं, गफलतही सोपी. एकट्या पिकाचा तुकडा दुर्लक्षित असेल तर गुणोत्तर आपोआप फुगतं, म्हणून तो त्याच्या सर्वांत चांगल्या अंतरावर आणि निगेत हवा. आणि या आकड्यात मजुरी नसते, जोखीम नसते, पीक चार महिन्यांत आणि लाकूड बारा वर्षांनी मिळतं हेही नसतं. मी तो एकटा कधी छापत नाही.

सरासरी तर शेवटी काढा. आधी प्रत्येक शेताचा एक ठिपका मांडा. आडव्या रेषेवर त्या शेतातलं बिनझाडाचं उत्पादन, उभ्या रेषेवर झाडामुळे पडलेला फरक. शून्याची रेषा ठळक काढा. किती ठिपके तिच्या खाली आहेत ते मोजा आणि ते शब्दांत लिहा: इतक्यांपैकी इतक्यांचं नुकसान झालं. मग खालचे ठिपके कोणाचे ते पाहा. सगळे उथळ जमिनीचे? उशिरा छाटलेले? एकट्या बाईच्या घरचे? सरासरी चांगली असूनही तिसरा हिस्सा लोक तोट्यात असतील, तर त्या तिसऱ्या हिश्श्याला सरासरीचा काय उपयोग? त्यांच्यासाठी वेगळा पर्याय लागतो, आणि तो कोणाला द्यायचा हे याच कागदावरून कळतं.

निकाल आधी शेतकऱ्यांसमोर मांडा, मग छापा. भिंतीवर मोठा कागद लावा, प्रत्येकाला आपला ठिपका शोधू द्या. ‘माझा एवढा खाली का?’ यावर जी चर्चा होते ती मी शब्दशः लिहून घेते, आणि अहवालात ती आकड्यांइतक्याच मापाच्या अक्षरात येते. ज्यांनी एखादी युक्ती काढली त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, त्यांचं नाव घाला. ‘एका शेतकऱ्याच्या मते’ असं लिहायची सवय सोडा.

उरलं शेवटचं काम, आणि ते पहिल्या दिवशीच करायचं: प्रकल्प संपल्यावर झाडांचं काय, ते लिहून ठेवणं. मोजणी चालू राहणार असेल तर कोण करणार, वर्षातून एकदा घेर आणि पीक एवढ्या दोनच नोंदी झेपतील का, वही कोणाच्या घरी राहणार. झाड तोडायचं झालं तर निर्णय शेतकऱ्याचा, फक्त तोडण्याआधी घेर, उंची आणि कारण वहीत उतरवायचं, आणि तोडल्यानंतरचे पुढचे दोन हंगाम त्या जागेचं पीक वेगळं मोजायचं. झाड गेल्यावर मातीत काय उरतं, याच्या नोंदी फार थोड्या ठिकाणी असतात.